ताडलेली प्रत

सांगलीहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत त्रिशलाबाईंनी मांडीवरची पिशवी एकदाही खाली ठेवली नाही. पिशवीत जपाची माळ, गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणि धुवट धोतरात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट होती.

कॅसेट त्यांच्या यजमानांची, भूपालरावांची. ते हयातभर फिल्म सोसायटीत रमले आणि त्यातही जीव जडला तो या एका फ्रेंच विनोदी चित्रपटावर. गावच्या धनाढ्य माणसाच्या मयताचं जेवण, टेबलाभोवती अकरा नातलग, शेजारच्या खोलीत प्रेताची पेटी. अकराही जण मेलेल्याला हसतात. त्यावरून तिकडच्या धर्मगुरूंनी काहूर उठवलं, कोर्टानं प्रती जाळायला लावल्या, असं ते सांगायचे. शेवटच्या आजारातही त्यांनी हात धरून म्हटलं होतं, "जगात बहुधा एवढीच उरलीय, त्रिशला. हिला बुरशीनं खाऊ देऊ नकोस."

ते जाऊन वर्ष होत आलं होतं. गेलेल्याच्या नावानं शास्त्राच्या प्रती काढून दान द्यायच्या, ही घरची रीत. यांचं शास्त्र हेच, असं मनाशी ठरवून त्रिशलाबाईंनी सात प्रतींचा संकल्प सोडला होता.

पुतण्या आर्जवचं पोवई नाक्याजवळ कॉम्प्युटरचं दुकान होतं. नव्याण्णव सालच्या साताऱ्यात सीडी काढून देणारा तोच.

"रोज एक निघेल, काकू. कॅसेट एकदाच चालवायची."

"आणि ताडायची कधी?"

"काय ताडायचं?"

"प्रत मुळाशी ताडून बघितल्याशिवाय देत नाहीत. तुझी आजी अक्षर न् अक्षर बघायची."

आर्जव हसला. "ती पोथी होती. इथं सगळं शून्य आणि एक. काना-मात्रा चुकायला जागाच नाही."

कॅसेट चालली तेव्हा त्रिशलाबाईंनी सवयीनं बोटांच्या पेरांवर हसणारे मोजले. अकरा. शेवटाला फीत मशीनमध्ये गुंतली आणि तुटली. आता जे काही होतं ते आर्जवच्या कॉम्प्युटरमध्ये.

दुसऱ्या दिवशी सामायिक, म्हणजे सकाळचं ध्यान, आटोपून त्या दुकानात आल्या. प्रत ताडून होईपर्यंत पाणी घ्यायचं नाही, असा नेम धरला होता. पहिल्या प्रतीत हसणारे दहाच भरले. खिडकीपाशी बसलेली काळ्या कपड्यातली म्हातारी हसत नव्हती. आपलीच मोजणी चुकली, असं समजून त्यांनी ती प्रत रहिमतपूरला दादासोंकडे धाडली. दादासो म्हणजे भूपालरावांच्या सोसायटीचे जुने सभासद.

दुसऱ्या प्रतीत नऊ.

तिसऱ्या प्रतीत आठ. जे हसत नव्हते ते ताटावरून मान उचलून एकाच दिशेला पाहत होते, उजवीकडे, दाराकडे. दार पडद्यावर दिसत नव्हतं.

"आर्जव, ती म्हातारी बघ."

"हसतीय की! तोंडात दात नाहीत, तरी कशी खिदळतीय." तो स्वतःच पोट धरून हसत होता. मग डोळे पुसून त्यानं तिन्ही प्रतींची लांबी कागदावर मांडून दाखवली. तसूभर फरक नव्हता.

पाचव्या दिवशी चौथी प्रत निघाली आणि दुकानातला फोन वाजला.

"वैनी, दादासो बोलतोय. भूपालअण्णांचं पिक्चर बघितलं. लय हसलो."

"बरं झालं."

"थोरला भाऊ गेला वो परवा." पलीकडे श्वास अडकल्यासारखा झाला. "खांदा द्यायला उभा राहिलो आन् हसू फुटलं. सावडायला गेलो, तितं बी. पोरं तोंडाकडं बघत्यात. अजून थांबत न्हाई. वैनी, हे कसं थांबवायचं, सांगा की."

आणि फोनवरच ते हसू लागले. हसता हसता त्यांना हुंदका येत होता, आणि हुंदक्यातून पुन्हा हसू.

त्रिशलाबाईंनी फोन ठेवला.

दुसरी, तिसरी, चौथी प्रत त्यांनी काउंटरवर ओळीनं मांडली. यजमानांनी मागं ठेवलेली एकच इच्छा. णमोकार मंत्र म्हणत त्यांनी ओळीतली पहिली सीडी वाकवली. ती पटकन मोडली. मग दुसरी. मग तिसरी.

"कॉम्प्युटरमधलंही पूस."

"काकू! काकांची शेवटची..."

"पूस म्हटलं ना. पाप माझं."

त्यानं बटण दाबलं. पडदा रिकामा झाला. त्रिशलाबाईंना घरात दुसऱ्यांदा मयत झाल्यासारखं वाटलं, पण मन हलकंही झालं.

"पण काकू," आर्जव खाली मान घालून म्हणाला, "एक प्रत जादा निघाली होती. ती मी केबलवाल्याला दिली. काकांचं नाव राहील म्हणून. काल दुपारी लागला पिक्चर. अख्ख्या पेठेनं बघितला. त्यानंही पुढं दोघातिघांना काढून दिलीय म्हणे."

त्याचे ओठ मुडपलेले होते. गाल आतून चावत असावा.

त्या रस्त्यावर आल्या. ऊन तिरपं झालं होतं. तेवढ्यात माहुलीच्या वाटेला निघालेली एक अंत्ययात्रा समोरून आली. वाजंत्री नव्हती, रामनामही नव्हतं. त्रिशलाबाई कडेला थांबल्या, हात जोडले.

खांदेकऱ्यांच्या माना खाली होत्या आणि खांदे गदगदत होते. मागून चालणारे रुमालात तोंड खुपसून होते. किती रडतायत, असं त्यांना वाटलं.

तिरडी जवळ आली. रुमाल दिसले. रुमालावरचे डोळे दिसले, हसण्यानं बारीक झालेले.

त्यांनी नजर वर तिरडीकडे नेली. खांद्यांच्या हिसक्यांनी बांबू हलत होते, पांढरं कापड हलत होतं. छातीवरची झेंडूची माळ मात्र त्या तालात हलत नव्हती. ती थांबून थांबून, आतून उचकल्यासारखी हलत होती.