आर्गिरो आजींच्या सहा खुर्च्या

दर बुधवारी यानिना शहरातून गाडी काढायची, डोंगरातल्या चार गावांतले म्हातारेकोतारे तपासायचे आणि उजेडातच परतायचं, हे माझं सरकारी काम. मी मनाची डॉक्टर. गावातली माणसं मला लांबूनच नमस्कार करतात. माझ्याशी बोलताना कुणी पाहिलं तर उगाच चर्चा व्हायची.

आर्गिरो आजी मात्र भरपूर बोलायच्या. वरच्या गावात हिवाळ्यात नऊच माणसं उरतात, आणि त्यांचं घर त्या नवांपासूनही लांब. नवरा गेल्यापासून रोज दुपारी भिंतीवरच्या तसबिरीतली देवमाता त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. काळे कपडे, हात मांडीवर, तोंडातून शब्द नाही. पाहुण्याला द्यायचं तसं आजी तिला बशीत चमचाभर अक्रोडाचा मुरंबा आणि पेलाभर पाणी द्यायच्या.

"खाते का?" मी एकदा विचारलं.

"देवाची आई ती, तिला काय मुरंब्याची कमी? पण माझा मान राखते. बशीला हात लावते."

मला यात नवल वाटलं नाही. एकट्या माणसाचा मेंदू खुर्ची रिकामी राहू देत नाही, आणि भिंतीवर जी तसबीर असते तिचेच कपडे त्या पाहुण्याला चढवतो. माझ्याही घरी एकच ताट लागतं. मला कधी कुणी दिसलं नाही. हे सगळं मी आजींना समजावलं. त्या कौतुकाने ऐकायच्या आणि "किती शिकलीस गं" म्हणायच्या.

त्यांचा मुलगा स्टेर्गिओस जर्मनीत. त्याने फोनवर निक्षून सांगितलं, आईला दिसणं थांबलं नाही तर घराला कुलूप आणि आई वृद्धाश्रमात. आजींना मरायचं होतं ते त्याच घरात. त्यांनी मी दिलेल्या गोळ्या मुकाट्याने घेतल्या. तीन आठवड्यांत दिसणं बंद. मी कागदावर 'सुधारणा' लिहिलं आणि खरं सांगते, त्या दिवशी गाणं गुणगुणत घाट उतरले.

मग बर्फाने रस्ता बंद झाला. पुन्हा गेले ती तीन आठवड्यांनी, भर दुपारी. चूल विझलेली. आजी पलंगाच्या कडेला अंग चोरून बसल्या होत्या. टेबलाभोवती सहा खुर्च्या, आणि सहाही खुर्च्यांपुढे मुरंब्याची एकेक बशी, शेजारी पाणी.

"हे काय आजी? कोण येणार आहे?"

"तुझी गोळी लागू पडली, पोरी. ती दिसत नाही आता."

"मग?"

"येते."

मी सहाही खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"खुर्ची सरकल्याचं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "आधी समोर बसायची, चेहरा दिसायचा. मायाळू होता गं. आता कुठे बसते, माझ्याकडे कशी बघते, काय कळावं? बशी एकीकडे ठेवायची आणि ती बसायची दुसरीकडे."

"गोळ्या थांबवू या."

"दहा दिवस झाले थांबवून. तरी दिसत नाही. गेली ती नजर."

वर्षभरात मी त्यांना कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. त्यांची एकुलती एक सोबत, तिचं मी भूत करून ठेवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"इथे कुणी नाही, आजी. हे बघा, मीच बसते." मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले.

लगेच उठले.

घर इतकं गार होतं की पेल्यांतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. आणि ती खुर्ची ऊबदार होती.

शेजारच्या खुर्चीला हात लावला. गार. पलीकडची, गार. परत पहिलीवर हात ठेवला.

"कुठे आहे, पोरी?"

"कुणी नाही."

मी सराईतपणे बोलले. पण आजी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या माझा खुर्चीवरचा हात बघत होत्या.

त्या उठल्या. बाकीच्या पाच बशा एकेक करून मोरीत नेऊन ठेवल्या. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, स्टूल ओढलं आणि त्या खुर्चीसमोर बसल्या. चेहऱ्यावरची भीती पार गेली होती.

"तू नीघ आता," त्या मला म्हणाल्या. "आणि दार लावून घे. तिला वारा लागतोय."

मी दार हळूच लावलं, आत माणसं बसलेली असताना लावतात तसं.