बसलेली सून

महालक्ष्म्यांची आरती ऐन रंगात आली होती, आणि नेमकी त्याच क्षणी सुजाता मटकन खाली बसली!

तात्यापारा वस्तीतल्या त्या घरात टाळ्या थबकल्या. तिच्या सासूबाई, शारदाबाई, सगळ्या बायकांदेखत कडाडल्या, "देवीसमोर बी उभं राहवत नाही तुले? चेहरा तं चांगला टवटवीत हाये! नुसते नखरे करून राहिली!"

सुजाताचे काळीज धडधडत होते, डोळ्यांपुढे अंधारी दाटली होती... पण तिने मान खाली घातली. कोरोनात शारदाबाई तापाने फणफणल्या, खोलीच्या दाराशीही कुणी फिरकेना, तेव्हा त्यांच्या उशाशी हीच सून बसली होती. त्या उठल्या, आणि ही पडली! ताप गेला, पण उभे राहण्याचे बळ काही परतले नाही. "आईंले यातलं काही सांगू नका," तिने नवऱ्याला, देवदत्तला, शपथ घातली होती. "त्यांच्या जिवाले लागून राहील."

आज मात्र त्याला राहवले नाही. दुसऱ्याच दिवशी तो दोघींना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर राधिकाने सुजाताची नाडी आधी निजवून पाहिली, मग उभे करून. सून नुसती उभी होती, आणि यंत्रावरचे आकडे मात्र ती धावत सुटल्यासारखे चढत होते! शारदाबाई बघतच राहिल्या.

"हे नखरे नाहीत, आई," राधिका शारदाबाईंना म्हणाली. "नाडी, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांचं काम बिघडलंय. विषाणूशी लढणारी शरीराची शक्तीच कधीकधी चुकून आपल्या नसांवर उलटत असावी, असा संशय आहे. पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही, पण उपचारांनी पुष्कळजण सावरतात." मग ती सुजाताकडे वळली. "कधीपासून होतंय?"

"आठवत नाही..." सुजाता पुटपुटली.

शारदाबाईंना मात्र सारे लख्ख आठवले! "माह्या दुखण्यातूनच लागलं ना तुले? काहून नाही सांगितलं वं पोरी?"

सुजाता नुसती रडत राहिली.

औषधे सुरू झाली, पडल्यापडल्या करायचे व्यायाम सुरू झाले. एके सकाळी रक्त पायांत साचू नये म्हणून चढवायचे घट्ट मोजे सुजाताच्याने ओढवेनात, तेव्हा शारदाबाई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या.

"आई, माह्या पायाले हात नका लावू!"

"काहून? मायनं लेकीच्या पायाले हात लावला तं पाप लागते का? चूप बस!"

मोजे चढले. सासूच्या खांद्याला धरून सुजाता उठली... अंधारी आली, क्षणभर रेंगाळली, आणि विरली. ती उभीच होती!

"घाई नको करू," शारदाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मी हावो ना."