गुरुवारपर्यंत थांबलेला नंबर

ज्ञानेश नेत्रदान संस्थेत आला तो मुळात मजला चुकून. त्याला शिकवायला जायचं होतं वरच्या कॉम्प्युटर क्लासात. पण टेबलाशी तेजस्विनी बसली होती, आणि तिच्या तावडीतून सहजासहजी कोण सुटणार! तिने फॉर्म तर भरून घेतलाच, वर संस्थेची वेबसाइटही मागितली.

"डोळे मेल्यावर देणार आहे," तो हसला. "वेबसाइट मात्र जिवंतपणीच द्यावी लागेल ना?"

हे २००७ सालचं. पाच पानांची वेबसाइट त्याने हाताने लिहिली. एक अक्षर बदलायचं तरी तोच लागायचा. दर गुरुवारी बॅग घेऊन यायचा, पावसातसुद्धा… तेजस्विनी आठवडाभराचे बदल वहीत साठवून ठेवायची. फोनवर सांगता आले असते की! पण मग तो आला कशाला असता?

एका सोमवारी संस्थेचा फोन नंबर बदलला. तोही तिने वहीत लिहून ठेवला, गुरुवारसाठी.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी घोटीचा कोंडाजी आला. वडिलांची दशक्रिया उरकून रामकुंडावरून थेट. डोकं मुंडण केलेलं, हातात वडिलांचं नेत्रदानाचं कार्ड.

"म्हाताऱ्याची लय इच्छा व्हती, ताई. गेल्या आठवड्यात मंगळवारी गेला. सायबर कॅफेतून तुमचा नंबर काढला, लावला, लावला… कुणी उचललाच नाय. डोळं घ्यायचे सहा तास संपले, मग नेला."

भांडला नाही बिचारा. कार्ड टेबलावर ठेवून निघून गेला.

ज्ञानेश समोरच बसला होता. "मला नंबर गुरुवारी दिलात. बदलला कधी होता?"

"सोमवारी." तिला रडू आवरेना. "तुम्ही यावं म्हणून ठेवला मी… त्या माणसाचे डोळे माझ्यामुळे गेले, ज्ञानेश."

ज्ञानेशने समोरची वही मिटली.

"माझ्यामुळेही. तुम्हाला स्वतः मजकूर बदलता येईल अशी सोय एका दुपारात झाली असती. वर्षभर मी बोललोच नाही. मलाही यायचं होतं."

मग त्याने कॉम्प्युटर जवळ ओढला. "वेबसाइट चालवायची तीन तयार सॉफ्टवेअर आहेत. ड्रुपल नको. जुडीभर मेथी आणायला ट्रक कशाला? जूमला चांगलं आहे, पण अडलं की मला बोलवावं लागेल. आणि वर्डप्रेस—" तो अडखळला. "ते तुम्ही एकट्या चालवाल. मी लागणारच नाही."

खोटं कशाला बोला, तिच्या ओठांवर 'जूमला' आलंच होतं. टेबलावर कार्ड पडलेलं होतं.

"वर्डप्रेस," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत त्याने ते बसवलं. नवा नंबर तेजस्विनीने स्वतः टाइप केला, आणि पुढच्या क्षणी तो पानावर दिसलाही. ज्ञानेशने बॅग उचलली.

"झालं माझं काम."

"काम नसताना याल?" तिने विचारलं. "इथे नाही… आमच्या घरी. आई-बाबांना भेटायला."

तो थांबला. "येईन. पण आधी घोटीला जाऊ. कोंडाजीभाऊंना खरं सांगू."

"ते घराबाहेर काढतील."

"काढू देत. दोघांनाही काढतील."

सकाळी दोघं घोटीच्या एसटीत शेजारी बसले. गोंदे मागे पडल्यावर तेजस्विनीने त्याचा हात धरला, आणि घोटी येईपर्यंत सोडला नाही.