टॅप्लीच्या टोपीचा बिल्ला

"हा माझ्या डेनिसचा बिल्ला नाही."

मॉरीन टॅप्लीने हे इतक्या हळू सांगितलं, की बेरिल ऑकेंडनने हातातला चहा खाली ठेवला. हॅल्टनशॉच्या कवायत-हॉलमध्ये सैनिकी बिल्ले जमवणाऱ्यांच्या क्लबचं प्रदर्शन अजून उघडायचं होतं. मॉरीनने गेलेल्या नवऱ्याचा बिल्ला फक्त शनिवार-रविवारपुरता दिला होता. सोमवारी तो चर्चमध्ये, डेनिसच्या नावाच्या पाटीखाली बसायचा होता.

चौकटीत हिरव्या कापडाचा चौकोनी तुकडा, त्यावर मुकुट आणि मुकुटाखाली बगळा. सगळं चकचकीत.

"डेनिसने घासून घासून मुकुट पांढरा केला होता," मॉरीन म्हणाली. "त्याच्या सार्जंटला चकाकी हवी असायची. आणि हे कापडही फिरलंय. मी खिडकीसारखं सरळ ठेवलं होतं. आता पतंगासारखं टोकावर उभं आहे."

बेरिलने बिल्ला काढून उलटा केला. टोपीत खोचायची मागची पट्टी जाड, कडा बोथट. नक्कल, आणि तीही आळशी माणसाने केलेली. खरा बिल्ला ॲल्युमिनियमचा, वर सोनेरी मुलामा. तो पॉलिशने घासायचाच नसतो, घासला की सोनं उडतं. एरवी असल्या घासलेल्या मालाकडे क्लबवाले ढुंकून पाहत नाहीत. पण डेनिसची वेल्डन पलटण विसर्जित होण्याआधी हा बगळा जेमतेम काही महिने निघाला, तोही एकट्या दुसऱ्या बटालियनसाठी. तो दिसला की भल्याभल्यांचे हात शिवशिवायचे.

क्लबचा अध्यक्ष क्लाइव्ह एंटविसल आला, ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाला, "काल संध्याकाळी इथे तिघंच होतो. रॉडनी दुकान मांडत होता, मी पडदे लावत होतो आणि हलिना झाडत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सापडला नाही, तर तिचं नाव पोलिसांत देतो."

"तिची शाळेतली सफाईची नोकरीही जाईल, क्लाइव्ह."

"मग लवकर शोध. आणि आपल्या पुस्तिकेतलं कुणाला काही बोलू नकोस, बाई. छापून येईपर्यंत ते दोघांतच राहू दे."

क्लाइव्ह आणि बेरिल क्लबमधले वीस वर्षांचे जोडीदार. एक टेबल, एक थर्मास, आणि आता वेल्डन पलटणीवर एक पुस्तिका. बेरिल माणसांना मनातल्या मनात जमा-खर्चात मांडायची. क्लाइव्हच्या खात्यात खर्चाची बाजू कोरी होती.

तिने आधी हलिनाला बोलावलं.

"काल चौकट उघडलीस?"

"काचेवर फडकं मारलं. आत हात घातला नाही."

"नक्की?"

"माझ्या वडिलांचं पदक आहे घरी. त्याला कुणी हात लावला, तर बोटं मोडीन. दुसऱ्याच्या पदकाला मी कशाला लावू?"

मग रॉडनी स्लॅक. त्याच्या टेबलावर नकलांची अख्खी टोपली होती.

"हा बगळा तुझ्याकडचा?"

"असेल, लाडके. नाटकवाले नेतात, सिनेमावाले नेतात. नक्कल म्हणूनच विकतो, पाप नाही."

"मॉरीनला कापड कसं लावायचं, ते कुणी सांगितलं?"

"मीच. सगळ्या पुस्तकांत सरळ आहे, सरळच लाव म्हटलं. का, चुकलं?"

"तुझं नाही चुकलं," बेरिल म्हणाली आणि खुर्ची शोधून बसली.

सामानाच्या खोलीत क्लाइव्ह एकटाच होता. तिने दार लावलं.

"ज्याला यातलं कळत नाही, तो कापड होतं तसंच ठेवील," ती म्हणाली. "हलिना तसंच ठेवील. रॉडनीच्या मते सरळच बरोबर, तो कशाला फिरवील? दुसरी बटालियन कापड टोकावर उभं लावायची, हे एकाही पुस्तकात नाही. ते आपल्याला पुस्तिकेसाठी, वृद्धाश्रमातल्या त्यांच्या एका जुन्या सैनिकाने सांगितलं. तुला आणि मला."

"म्हणजे तूही असू शकतेस."

"तेही तपासलं. काल संध्याकाळी मी इथे नव्हतेच. माझ्याविरुद्ध काही सापडलं नाही, वाईट वाटलं." ती हसली नाही. "घाईत बिल्ला बदललास, क्लाइव्ह, आणि चुकीचं लागलेलं कापड तुला बघवेना. हाताने आपोआप बरोबर केलं. चोरी करतानाही चूक सुधारणारे आपणच."

क्लाइव्हने कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला. रुमालात बगळा होता, डोक्यावर पांढरा पडलेला मुकुट.

"माझ्या खणात एवढी एकच खाच रिकामी होती," तो म्हणाला. "चर्चच्या ओलसर भिंतीवर तो सडला असता. तुला तरी हे कळायला हवं."

"कळतं. मला मागितला असतास, तर मी मॉरीनकडे तुझ्यासाठी शब्द टाकला असता. ती नाही म्हणाली असती, आणि आपण चहा प्यायलो असतो. पण हलिनाचं काय?"

"तिला काय, अशी कामं कुठेही मिळतात."

चोरी बेरिलने कदाचित पचवली असती. हे वाक्य पचेना.

"चल. मॉरीनला तू सांगायचंस. हलिनालाही, सगळ्यांसमोर. मी शेजारी उभी राहीन. आजच्यापुरती."

क्लाइव्हने हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. मॉरीनने बिल्ला मुठीत घेतला आणि कुणाचाही निरोप न घेता निघून गेली. क्लाइव्ह दारापर्यंत एकटा चालत गेला.

बेरिल हलिनाकडे वळली. "माफ कर गं, त्याने तुझ्यावर..."

हलिनाने बादली उचलली.

"त्यांचं राहू दे," ती म्हणाली. "तिघं होतो आम्ही. तुम्ही पहिलं मला बोलावलंत."