टाचेपाशी ठेवलेली वाट

शहरातल्या भिंती रंगवणाऱ्या त्या तरुणाला सगळे डब्या म्हणत. फवाऱ्याच्या रंगाचा डबा त्याच्या हातातून सुटायचा तो फक्त जेवताना. त्याने रंगवलेली पोर मात्र साऱ्या गावाच्या ओळखीची होती. पुलाखाली, गोदामामागे, बसथांब्याजवळ, जिथे जावं तिथे ती पाठमोरी चाललेली असायची. पिवळा फ्रॉक, एक सुटलेली वेणी, अनवाणी पाय.

ती त्याची धाकटी बहीण. सातव्या वर्षी तापात गेली. शेवटच्या दिवसांत ती अंथरुणातून उठून दाराशी जायची, दाराला पाठ टेकून उभ्या उभ्या टाचेने दार ठोकत राहायची. "मला बाहेर जायचंय." आईने कडी काढली नाही. कुठल्या आईने काढली असती? पण तेव्हापासून डब्या तिला बाहेरच रंगवत आला होता. आईही भाजीला जाताना बसथांब्याच्या भिंतीपाशी थांबायची. "उन्हातून नको गं, सावलीने जा," एवढं म्हणायची आणि पुढे चालू लागायची.

डब्याला रंगकाम शिकवलं ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या काकांनी. त्यांचा एकच नियम कडक होता. भिंतीवर माणूस काढला की बाहेरची रेघ टाचेपाशी बोटभर उघडी सोडायची.

"कुणाला कोंडू नये रे," काका म्हणत. "वाट ठेवावी."

डब्या हसायचा, पण रेघ सोडायचा. हाताला तसं वळणच पडलं होतं.

मग गॅलरीवाल्या बाई त्याला शोधत आल्या. "भिंतीवरचं काम ऊनपाऊस खाऊन टाकतो. माझ्याकडे कॅनव्हासवर कर. टिकेल."

त्या एका शब्दाने डब्या विरघळला. भिंतीवरची बहीण वर्षभरात फिकी पडायची, आणि दर वेळी ती त्याला नव्याने गमवावी लागायची.

चित्र पूर्ण झालं. बाईंनी चष्मा सारखा केला. "सुरेख. पण इथे रेघ राहिलीय बघ, टाचेपाशी."

"ते तसंच असतं, बाई."

"भिंतीवर असेल. इथे लोक नाक लावून बघतात. म्हणतील, पोराने उरकलं."

डब्याने रेघ जोडली. वरून चकचकीत वॉर्निशचा हात दिला.

चित्र टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशी हसत म्हणाल्या, "दादा, तुमचं चित्र सांडतंय हो."

खाली फरशीवर चिमूटभर रंगाचा चुरा पडला होता. टाचेवरचा रंग खरवडल्यासारखा निघाला होता. ओल असेल म्हणून डब्याने भिंत चाचपली. कोरडी ठणठणीत. त्याने टाच पुन्हा रंगवली. दुसऱ्या दिवशी चुरा जास्त होता, आणि टाच लालसर दिसत होती. लाल रंग त्याने वापरलाच नव्हता.

त्या दुपारी आई रिकामी पिशवी घेऊनच घरी परतली.

"पोर कुठे गेली रे?"

"कोण?"

"बसथांब्याची."

डब्या धावत गेला. भिंतीवर बाहेरची रेघ जशीच्या तशी होती. आत नुसता चुना. पुलाखालीही तेच, गोदामामागेही तेच. रंग फिका पडला नव्हता. तो नव्हताच.

त्याने आईला गॅलरीत नेलं. दालनात वॉर्निशचा वास कोंडला होता. आई चित्रापुढे उभी राहिली. मग हळूच कान जवळ नेला.

"ठोकतेय," ती म्हणाली. "किती दिवस ठोकतेय रे ही?"

"आई, वाट उघडली तर ती पुन्हा कुठेच दिसायची नाही."

आईने चित्राच्या कडेवरून हात फिरवला, कढत कपाळावरून फिरवावा तसा.

डब्याने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि टाचेपाशी बोटभर रेघ पुसली.

काही झालं नाही.

फक्त बंद दालनात घोट्यापाशी गार वारा लागला.

घरी जाताना आई फार हळू चालत होती. एक हात जरा खाली झुकलेला, करंगळी पुढे काढलेली.

"पाय दुखतायत का, आई?"

"माझे नाही."

घर आलं. आई आत गेली, पण दार तिने लगेच लावलं नाही. लहान पावलांना उंबरा ओलांडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ धरून ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं हसू होतं.

मग तिने कडी लावली.

डब्याने तोंड उघडलं. ते हसू बघून पुन्हा मिटलं.

सकाळी तो उठला तेव्हा आई चहा ठेवत गुणगुणत होती. कडी तशीच होती. आणि दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, उंबऱ्यापाशी, दाराच्या रंगाचा चिमूटभर चुरा पडला होता.