शेपटीची हजेरी

“या बॉम्बरवर चार गोड ओळी लिही,” असं सांगून प्रसिद्धी अधिकाऱ्यानं मला दुपारी इंग्लंडमधल्या सफोकच्या हवाई तळावर पाठवलं. गोड! त्या महायुद्धात दुसरं काही छापू देत होते कुठे?

विमानात मुख्य मेकॅनिक टॅकेट एकटाच होता. आत पेट्रोलचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता.

“लिहिण्याआधी ऐका, पेपरवाले.” त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. “वर गेल्यावर सहवैमानिक अधूनमधून प्रत्येकाची हजेरी घेतो. ऑक्सिजन तुटला तर माणूस ओरडत नाही... पेंगतो आणि मरतो. उत्तर आलं नाही, की कुणीतरी धावतं.”

मग तो माइकमध्ये पुटपुटला, “शेपूट?”

शेपटीतली तोफवाल्याची जागा रिकामी होती. मी नुकताच तिथे डोकावून आलो होतो.

कानात हलकी खरखर झाली.

“शेपूट... ठीक.”

मी हेडफोन ओढून काढले.

“डेल्बर्ट,” टॅकेट म्हणाला. “शेपटीतला तोफवाला. गेल्या महिन्यात त्याच जागेवर गेला. त्याची ऑक्सिजनची जादा बाटली मी शेजारच्या विमानाला लावली होती. आम्ही असंच निभावतो, याचं काढून त्याला. परत लावायची राहिली...” त्यानं तोंड फिरवलं. “उद्या त्या जागी नोविकी बसतोय. नवं पोरगं. ते गप्प झालं आणि हाच बोलला, तर?”

मी त्याला धरून कर्नलकडे नेलं.

“मेलेला ‘ठीक’ म्हणतोय ना?” कर्नल कॉफी ढवळत हसला. “मग जिवंतांची काय तक्रार?”

“पोरगं मेलं तर मी छापीन!”

“छाप की. सेन्सॉरला तेवढीच करमणूक.”

दुसऱ्या दिवशी बॉम्बर परतला. अंगावर ओरखडाही नव्हता. शेपटीतून नोविकीला बाहेर काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे होते. मुखवट्याची नळी बर्फानं गच्च झाली होती. टॅकेटनं स्वतः बांधलेल्या दोन बाटल्या शेजारी तशाच भरलेल्या.

“जाऊन कित्येक तास झाले,” डॉक्टर म्हणाला. “मोहिमेवर निघाल्यावर, समुद्रावरच प्राण गेला असावा.”

सहवैमानिक हॅस्केलनं डॉक्टरची कॉलर धरली. “थापा मारू नकोस! प्रत्येक हजेरीला बोललाय तो. आत्ता चाकं टेकतानासुद्धा!”

टॅकेट पंखाला धरून उभा होता. “काय म्हणाला?”

हॅस्केलची पकड सैल झाली. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग शेपटीकडे.

“म्हणाला... शेपूट. दोघंही ठीक.”