आईची शिकवणी

आईने एकाच झग्याला दोन डाव्या बाह्या कापल्या, तेव्हा टकळी आधी पोट धरून हसली. अख्ख्या आळीची मापं तोंडपाठ असणारी शिंपीण, आणि बाह्या दोन्ही डाव्या!

"सांगू गिऱ्हाइकाला, नवी फॅशन आहे म्हणून."

आई हसली नाही. कात्रीकडे बघत म्हणाली, "तुझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं गं. शेवटी मी कोण, तेही तिला कळेना."

टकळीने हसणं आवरलं. बाबा गेल्यापासून घरात दोघीच. आईही विसरली, तर तिला आपलं म्हणणारं उरणार कोण?

डॉक्टर म्हणाले, "मेंदूला रोज नवीन काहीतरी शिकवा." झालं! टकळीने कंबर कसली. आक्रोड आणले, आईला डाव्या हाताने दात घासायला लावले आणि शाळेतून आल्या आल्या शिकवणी सुरू केली. शिलाई मशीनवर पुस्तक, समोर आई. पहिला धडा, एकोणिसाचा पाढा.

आईने तो घडाघडा म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी वर्गात टकळी एकोणीस एके एकोणीसच्या पुढे सरकेना.

"काय टकळीबाई, आज बॅटरी उतरली वाटतं?" बाईंनी विचारलं. सगळा वर्ग खिदळला. तीही.

मग कविता गेली. मग नद्या. जे शिकवावं ते आईकडे जायचं, आणि टकळीच्या डोक्यात नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखं पांढुरकं काहीतरी उरायचं. पुन्हा घोकून पाहिलं, तर पान उलटेपर्यंत गायब. दिल्याने विद्या वाढते म्हणतात. वाढत होती खरी. आईकडे.

पण आईच्या बाह्या आता बिनचूक बसत होत्या. मापं परत आली होती. टकळी कुणाला काही बोलली नाही. नापास तर नापास. आई तर राहील!

आणि एक दिवस शिकवण्यासारखं काही उरलंच नाही. त्या संध्याकाळी आई मशीनशी नुसतीच बसली होती.

"तुझे बाबा शीळ घालायचे ना? कशी होती गं ती? मेलं हे डोकं!"

टकळीला आठवत होती. दारापर्यंत येणारी ती चाल, तुटक्या दातामुळे मध्येच निसटणारी हवा. बाबांचं तेवढंच तिच्यापाशी शिल्लक होतं.

"सांग ना."

"नको ना, आई."

आईने मशीन सुरू केलं, पण हातातलं कापड उलटं होतं. टाके भलतीकडेच चालले होते.

टकळीने शीळ घातली.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. भांडं वाजलं. मग शीळ आली. अगदी पक्की, मध्येच निसटणाऱ्या हवेसकट.

आईचे सगळे दात शाबूत होते.

टकळीने दचकून मान वर केली.

"आई," तिने दबक्या आवाजात विचारलं, "आत तुझ्यापाशी कोण माणूस शीळ घालतोय गं?"